चीज तुमच्याकडे

विहीणबाईंचा फोन आला तेव्हा मास्तरांची दाढी अर्धीच झाली होती. उजवा गाल गुळगुळीत आणि डाव्या गालावर फेस, अशा अवस्थेत त्यांनी फोन उचलला, चुकून डाव्याच कानाला लावला आणि पुढचं सगळं बोलणं फेसातून ऐकलं. पुढे जे काही घडलं त्यात थोडा दोष साबणाचाही आहे, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

"शनिवारी संध्याकाळी जेवायला यायचंय," विहीणबाई म्हणाल्या. कसे आहात, काय चाललंय, हा प्रकार त्यांच्याकडे नव्हताच. मास्तरांच्या लेकीच्या सासूबाई होण्याआधी त्या एका मोठ्या कचेरीत साहेब होत्या आणि घरी बसल्यावरही फोनवर हुकूमच सोडत. "आमच्या वाचनमंडळातली माणसं येताहेत. एकेकाला एकेक काम वाटून दिलंय. चीज तुमच्याकडे."

मास्तर आरशासमोर ताठ झाले. "माझ्याकडे?"

"मग कुणाकडे देऊ? तुमच्याकडे काय, खजिनाच आहे. फक्त साधं नको. नेहमीचं तर नकोच नको. जरा जुनं, चांगलं मुरलेलं असं काहीतरी बघा. येणारी माणसं जाणकार आहेत, त्यांना पचेल."

"आणि... केवढं साधारण?"

"छोटा तुकडा पुरे. जेवण झाल्यावर." आणि फोन बंद झाला.

मास्तर म्हणजे गाण्याचे मास्तर. शाळेत आणि शाळेनंतर घरी, दोन पिढ्यांच्या बेसुरांना त्यांनी सुरात आणलं होतं आणि ज्यांना आणता आलं नाही त्यांना निदान गप्प बसायला शिकवलं होतं. त्यांच्या घरात चीज या शब्दाचा अर्थ एकच. गळ्यातून येते ती. तेव्हा विहीणबाईंनी आपल्याला गायला बोलावलंय, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका आली नाही. 'तुकडा' हा शब्द तेवढा कानाला टोचला. पण साहेब माणूस, त्यांना कुठून कळणार गाण्यातली भाषा, असं म्हणून त्यांनी तोही पोटात घातला आणि उरलेली दाढी गुणगुणत उरकली.

आता इतका आनंद होण्यासारखं यात काय होतं, तर त्याला नऊ वर्षांपूर्वीचं कारण होतं. लेकीच्या लग्नात संध्याकाळी मास्तर गायला बसले होते. स्वतः बांधलेली चीज, स्वतःची लेक, समोर दोनशे माणसं. पहिला भाग उत्तम झाला. मास्तरांनी डोळे मिटून अंतऱ्याचा पहिला सूर लावला आणि नेमक्या त्याच वेळी कुणीतरी ओरडलं, "जेवण तयार आहे!" मास्तरांनी डोळे उघडले तेव्हा समोर रिकाम्या खुर्च्या होत्या. पेटीवालासुद्धा भाता सोडून गेला होता. आणि त्या सगळ्या गर्दीच्या पुढे, सगळ्यांना हाताने चला चला करत, विहीणबाई चालल्या होत्या.

तेव्हापासून त्या घरात गाण्याचा विषय निघाला नव्हता. मास्तरांनी काढला नाही आणि दुसऱ्या कुणाला गरज वाटली नाही. शिकवण्या बंद झाल्या, बायको गेली, आणि गाणं घरातल्या घरात राहिलं. कुणीतरी एकदा आपण होऊन गा म्हणावं, आणि गायल्यावर शेवटपर्यंत बसावं, एवढीच त्यांची इच्छा होती. ती त्यांनी कुणाला बोलून दाखवली नव्हती. आणि आता खुद्द विहीणबाई म्हणत होत्या, चीज तुमच्याकडे.

मास्तरांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. आंबट बंद, तेलकट बंद, थंड पाणी बंद. सकाळ-संध्याकाळ डोक्यावरून टॉवेल घेऊन वाफारे. जुन्या चिजांतून 'मुरलेली' निवडायला फार वेळ लागला नाही. तीच, लग्नातली, अंतऱ्यावर अडकून पडलेली. तिला त्यांनी आठवडाभर इतकं घासलं की खालच्या मजल्यावरच्या बाई तिसऱ्या दिवशी वर आल्या.

"मास्तर, बरं वाटत नाहीये का?"

"रियाज करतोय."

"हो का? मग ठीक आहे," असं म्हणून त्या खाली गेल्या, पण जिन्यात दोनदा थांबल्या.

शनिवारी दुपारी मास्तरांनी इस्त्रीचा सदरा काढला, कापडी पिशवीत सुरपेटी ठेवली. सुरपेटी म्हणजे तंबोऱ्याऐवजी मागे सूर धरून ठेवणारी विजेवरची छोटी पेटी. तिचं बटण सैल झालं होतं, हात लागला की आपोआप सुरू व्हायची, पण सूर पक्का होता. एवढ्यात लेकीचा फोन आला.

"बाबा, चीजचं लक्षात आहे ना?"

चिजेचं म्हणावं, मास्तरांच्या मनात आलं. पण हल्लीच्या मुलांना कुठे कुठे टोकायचं?

"लक्षात? अगं, आठवडाभर घासतोय."

"घासताय?" लेक किंचाळलीच. "अहो बाबा, किसून नाही आणायचं! अख्खंच आणा. आई इथे कापतील."

"कापतील? अजून ऐकली नाही, आणि आधीच कापायला निघाल्या?"

"काय बोलताय तुम्ही? बाबा, सरळ सांगा, चीज आणलंत की नाही?"

आणलंत.

मास्तर खुर्चीवर बसले. आणलीत नाही, आणलंत. ज्या माणसाने जन्मभर मुलांच्या वह्यांत 'ती चीज, ते चीज नव्हे' असं लाल शाईने लिहिलं, त्याला हा एक अनुस्वार पुरेसा होता. क्षणात विहीणबाईंचं सगळं बोलणं उलगडलं. साधं नको, नेहमीचं नको, जुनं, मुरलेलं. सगळं नपुंसकलिंगी! आठवडाभर ते डोळ्यांसमोर होतं आणि आनंदाच्या भरात त्यांनी व्याकरणाकडे साफ काणाडोळा केला होता. खजिना म्हणजे त्यांच्या गळ्यातला नव्हे, त्यांच्या रस्त्यावरचा. कोपऱ्यावरच्या चीजच्या दुकानाबद्दल बोलत होत्या विहीणबाई. छोटा तुकडा म्हणजे खरोखरच तुकडा.

"बाबा? आहात ना?"

"आणलंय की," मास्तर म्हणाले. खोटं बोलायची सवय नव्हती, पण अब्रूचा प्रश्न होता.

"फ्रिजमध्ये ठेवलंय ना?"

"जिथे ठेवायला पाहिजे तिथे ठेवलंय." आणि त्यांनी फोन खाली ठेवला.

मग त्यांना वाईट वाटलं. चांगलंच वाईट वाटलं. त्यांनी पिशवीतून सुरपेटी काढून टेबलावर ठेवली, तिच्याकडे बघत बसले, आणि निघताना का कोण जाणे, पुन्हा पिशवीत टाकली.

ते दुकान त्यांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर होतं. कितीतरी वर्षं मास्तर त्याच्यावरून नाकाला रुमाल लावून जात आले होते, कारण तिथलं गटार फुटलंय अशी त्यांची समजूत होती. एकदा त्यांनी नगरपालिकेकडे तक्रारही केली होती. आज प्रथमच ते दार ढकलून आत गेले. दारावरची घंटी किणकिणली. पंचम, मास्तरांच्या कानाने नोंद केली, पण किंचित उतरलेला.

आत गारवा होता. काचेच्या लांबलचक कपाटात चीजच्या चकत्या, चाकं, ठोकळे, विटा मांडून ठेवल्या होत्या. काही पिवळेधमक, काही राखेत लोळून आल्यासारखे, काहींच्या अंगावर निळ्या शिरा. भिंतीवर मधाच्या बाटल्या, काचेच्या बरण्यांत खारवलेली हिरवी-काळी फळं, पातळ कुरकुरीत बिस्किटांचे पुडे. कपाटामागे एक भरभक्कम बाई बाह्या सरसावून उभी होती, दोन मुठींच्या मध्ये ताणलेल्या तारेने चाकाएवढं चीज कापत होती. तार सर्रकन खाली आली, चाक दुभंगलं, आणि मग तिने वर बघितलं.

"काय देऊ, काका?"

मास्तरांनी आठवडाभर मनात घोळवलेला हुकूम जसाच्या तसा म्हणून दाखवला. "साधं नको. नेहमीचं नको. जुनं, चांगलं मुरलेलं. जाणकारांना पचेल असं. छोटा तुकडा, जेवण झाल्यावर."

"वा!" दुकानवाली खूश झाली. "इतकं नेमकं कुणी सांगतच नाही हो. लोक येतात आणि 'चीज द्या' म्हणतात."

"हो ना," मास्तर कडवट तोंडाने म्हणाले. "घोळ होतो त्याने."

गिऱ्हाइकाने चाखल्याशिवाय काही विकायचं नाही, असा आपला नियम दुकानवालीने सांगितला. सौम्यापासून सुरुवात करायची, वर वर चढत जायचं, नाहीतर जीभ बधिर होते. हे मास्तरांना पटलं. खालच्या सुरापासून सुरुवात न करणाऱ्यांचं काय होतं हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं. सुरीच्या टोकावरून पहिली पातळ कपची आली. मऊ, पांढरी, दुधाळ.

"कसं आहे?"

"बालवर्गाची प्रार्थना," मास्तर म्हणाले. "चुकलेलं काही नाही, आणि आठवणारही काही नाही."

दुकानवालीने त्यांच्याकडे निरखून बघितलं आणि दुसरी कपची पुढे केली. ही पिवळी, टणक. दाताखाली काहीतरी कचकन लागलं.

"खडा आहे का?"

"खडा नव्हे, काका, मुरण्याची खूण आहे. गिळू नका, थांबा. येईल आता."

"कोण येईल?"

"शेवट. याचा शेवट उशिरा येतो."

मास्तर थांबले. आणि खरंच, तोंडात सगळं विरून गेल्यावर कुठूनतरी मागून एक गोडसर चव वर आली आणि बराच वेळ रेंगाळली. मास्तरांच्या भुवया वर गेल्या. इतका वेळ दम धरणारं खाणं त्यांनी आजवर खाल्लं नव्हतं. त्यांना ते आवडलं आणि आवडलं म्हणून रागही आला. एका तुकड्याला एवढं थांबून, डोळे मिटून चाखतात लोक. माणसाच्या अंतऱ्याला मात्र थांबत नाहीत.

"काय झालं?" दुकानवालीने विचारलं. "आवडलं नाही?"

आणि मास्तरांनी तिला सगळं सांगून टाकलं. अनोळखी माणसापुढे मन मोकळं करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, पण आठवडाभर आंबट, तेलकट, थंड सोडलेला माणूस किती वेळ गप्प बसणार? दाढीचा फेस, चीज तुमच्याकडे, वाफारे, खालच्या मजल्यावरच्या बाई, आणलंत की आणलीत. दुकानवाली आधी ओठ दाबून ऐकत होती. 'आई कापतील' इथे तिचा बांध फुटला. ती कपाटावर डोकं टेकून हसली, इतकी की निळ्या शिरांचं एक चीज थरथरलं.

"चुकलं माझं, काका," डोळे पुसत ती म्हणाली. "हसायला नको होतं."

"हसा हो. माझ्या घरी कुणी एवढं हसलेलं मला आठवत नाही."

मग ती आत गेली आणि लाकडी पेटीतून एक चपटं, केशरी, दमट सालीचं चीज घेऊन आली. ते आलं आणि मास्तरांना इतक्या वर्षांचं फुटलेलं गटार सापडलं.

"हे न्या," ती म्हणाली. "दिसायला गरीब आहे, पण खोलीत आलं की सगळ्यांना कळतं. आत लोण्यासारखं. फक्त एक लक्षात ठेवा, गार खायचं नाही. कागद सोडायचा आणि अर्धा तास तसंच ठेवायचं. हात लावायचा नाही. मगच ते खुलतं."

मास्तर नाक दाबून पाकिटात हात घालत होते, तो हात तिथेच थांबला. "अर्धा तास?"

"हो."

"तोपर्यंत लोकांनी करायचं काय?"

"बसायचं," दुकानवाली म्हणाली. आणि मग तिला मास्तरांच्या डोळ्यांतली चमक दिसली. "गप्पा मारायच्या. काहीतरी ऐकायचं वगैरे."

"जास्तीत जास्त किती वेळ ठेवता येतं?"

"काका!" ती गालातल्या गालात हसली. "फार ठेवलंत तर पळेल."

"कोण, पाहुणे?"

"चीज. पण आधी कोण पळेल ते मी सांगू शकत नाही."

बसमध्ये मास्तरांना बसायला जागा मिळाली. मग शेजारची जागा रिकामी झाली. मग पुढची, मग मागची. शेवटी अर्धी बस पुढच्या दाराशी दाटीवाटीने उभी आणि मागे मास्तर एकटे, मांडीवर पिशवी घेऊन, खिडकीबाहेर बघत. एका वळणावर पिशवी कलंडली आणि सुरपेटीचं बटण दाबलं गेलं. पिशवीतून गंभीर, अखंड गुंजारव सुरू झाला.

दाराशी उभ्या असलेल्या एका बाईंनी तोंडावरचा पदर जरा खाली घेतला. "आजोबा, तुमच्या पिशवीत काय आहे?"

"चीज," मास्तर म्हणाले.

"गातंय?"

मास्तरांनी क्षणभर विचार केला. "गाणार आहे," ते म्हणाले.

विहीणबाईंच्या घरी जेवण व्यवस्थित पार पडलं. लेक, जावई, विहीणबाई आणि वाचनमंडळातले तिघं, म्हणजे निवृत्त न्यायाधीश, त्यांच्या पत्नी आणि दातांचे एक डॉक्टर. चीजची पुडी फ्रिजमध्ये होती आणि जावयाने पाणी घ्यायला दोनदा फ्रिज उघडून दोनदा न पिताच बंद केला होता. शेवटी ताटं उचलली गेली, विहीणबाईंनी पुडी मोठ्या ताटलीत ठेवली, दोरा तोडला, कागद उलगडला.

न्यायाधीशांनी चष्मा काढून पुसला. डॉक्टरांनी सवयीने सगळ्यांच्या तोंडांकडे बघितलं. जावई उठून म्हणाला, "मी जरा बाथरूमची मोरी बघून येतो."

"बसा!" मास्तर म्हणाले. शाळेतला आवाज अजून शाबूत होता, जावई बसला. "मोरी नाही, चीज आहे ते. आणि आता कुणी हात लावायचा नाही. दुकानातून सक्त ताकीद आहे. कागद सोडल्यापासून एक तास."

"एक तास?" न्यायाधीशांच्या पत्नी म्हणाल्या.

"एक तास. खिडकी उघडायची नाही, वारा लागला की ते दबतं. उठबस करायची नाही, जमीन हादरते. इतक्या जुन्या चीजला आदर द्यावा लागतो." मास्तर आता रंगात आले होते. "मोठ्याने बोलायचंही नाही."

विहीणबाईंनी त्यांच्याकडे एकदा बघितलं. मग हातातली सुरी खाली ठेवली आणि खुर्चीत मागे टेकून बसल्या.

मास्तरांनी गळा साफ केला, उगाचच. आता कुणीतरी म्हणेल, एवढा वेळ करायचं काय, मास्तर, म्हणा की काहीतरी. सगळी योजना त्यावरच उभी होती. आपण होऊन गायचं नाही, हे त्यांनी पक्कं ठरवलं होतं. कुणीतरी विचारलं पाहिजे. न्यायाधीशांनी खिशातून फोन काढला. त्यांच्या पत्नीने डॉक्टरांना दाढेबद्दल विचारलं, कुजबुजत. डॉक्टरांनी त्यांना आ करायला सांगितलं. जावई भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिला. चीज स्वस्थ बसून वास सोडत होतं. मास्तरांचा चेहरा हळूहळू उतरला. तासभर माणसं बांधून ठेवली, पण त्यांच्या मनात येत नाही त्याला काय करणार? त्यांना एकदम थकल्यासारखं झालं.

लेकीचं लक्ष बापाकडे गेलं. "बाबा, तुम्ही दमलात का? ही पिशवी तरी बाजूला ठेवते," म्हणत तिने त्यांच्या पायाशी असलेली पिशवी उचलली. तिचा अंगठा कापडावरून नेमका त्या सैल बटणावर पडला.

खोलीत सूर भरला. खालचा षड्ज, वरचा षड्ज, मध्ये पंचम. डॉक्टरांनी बाईंच्या तोंडातून बोट काढलं.

"मास्तर," विहीणबाई म्हणाल्या, "ही काय भानगड आहे?"

"सूर आहे."

"तो कळला. आणलात कशाला?"

मास्तरांच्या मनात आलं, खरं सांगून मोकळं व्हावं. मग त्यांनी मान वर केली. "चीज तुमच्याकडे, असं तुम्ही म्हणालात. कुठलं का कुठली, ते सांगितलं नव्हतंत. चूक व्हायला नको, म्हणून दोन्ही घेऊन आलो."

लेकीचा हात तोंडाकडे गेला. आठवडाभर घासतोय. तिच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं आणि ते वासामुळे नव्हतं. विहीणबाईंनी न्यायाधीशांच्या हातातला फोन काढून घेतला आणि उपडा करून टेबलावर ठेवला.

"मग वाट कसली बघताय?" त्या म्हणाल्या. "म्हणा."

मास्तर गायला लागले. घाई केली नाही. चीजला दम लागतो, चिजेलाही लागतो. पहिले काही सूर जरा थरथरले, आठवडाभराचे वाफारे वाया जातात की काय असं वाटलं, आणि मग गळा उघडला. खालच्या सुरांत ते निवांत फिरले, एक एक खोली उघडून दाखवावी तसे. न्यायाधीशांची मान हलू लागली. ती तालात होती की पेंगेत, याचा निकाल मास्तरांनी राखून ठेवला. मग अंतरा आला. त्यांनी पहिला सूर लावला, आणि लावता लावता डावा डोळा किलकिला करून बघितलं.

सगळे जागेवर होते. जावयाने नाकाला रुमाल लावला होता, पण बसला होता. विहीणबाईंनी डोळे मिटले होते.

मास्तरांनी अंतरा दोनदा म्हटला. तिसऱ्यांदाही म्हटला, जरा वेगळा. नऊ वर्षांचं येणं होतं, ते त्यांनी सावकाश वसूल केलं. तोवर ताटलीत चीजचं पोट सुटलं होतं, साल फुटून आतलं पिवळं लोणी बाहेर पडलं होतं आणि कडेच्या दिशेने निघालं होतं. डॉक्टर त्याच्याकडे टक लावून बघत होते, पण उठबस करायची नव्हती. ते कडेला पोचतं न पोचतं तोच मास्तरांनी गाणं संपवलं.

विहीणबाईंनी डोळे उघडले, बोट पुढे केलं, ताटलीच्या कडेवरून ओघळू पाहणारं चीज बोटावर घेतलं आणि तोंडात घातलं. पुन्हा डोळे मिटले.

"वा," त्या म्हणाल्या.

ही दाद नेमकी कुणाला, ते मास्तरांनी विचारलं नाही. मग सगळेच तुटून पडले. पहिल्या घासाला नाकं मुरडली, दुसऱ्याला भुवया वर गेल्या, आणि तिसऱ्याला कुणी बोलेना. न्यायाधीशांनी बिस्किटाने ताटली पुसून घेतली. जावयाने, मास्तर बघत नाहीत असं बघून, बोटंही चाटली.

निघताना विहीणबाई दारापर्यंत आल्या. लेक आत पिशवी भरत होती. मास्तर वाकून चपलेचा पट्टा लावत होते.

"मास्तर, त्या दुकानातून मी पंधरा वर्षं चीज आणतेय," विहीणबाई हळू आवाजात म्हणाल्या. "अर्धाच तास ठेवायचं असतं. आणि खिडकी उघडली तरी चालते."

मास्तरांचा हात पट्ट्यावरच राहिला. चोरी पकडलेल्या मुलासारखे त्यांचे कान लाल झाले. "मग बोलला का नाहीत?"

"एकदा मध्येच उठून झालंय माझं," त्या म्हणाल्या. "तेव्हा घाई होती. नंतर लाज वाटली. आणि मग इतकी वर्षं गेली की विषय कसा काढायचा तेच कळेना. मला हुकूम सोडता येतात हो. हे नाही जमत."

मास्तर सावकाश सरळ उभे राहिले. विहीणबाईंचा साहेबी आवाज लगेच परत आला.

"पुढच्या महिन्यात मंडळ पुन्हा इथेच आहे. चीज तुमच्याकडे."

मास्तर एका घोळातून शिकलेले होते. "आणायचं," त्यांनी विचारलं, "की आणायची?"

"आणायची," विहीणबाई म्हणाल्या. "आणि या खेपेला छोटा तुकडा नको."